वहीतला रिकामा रकाना : वाडेकर आणि आकड्यांची गोष्ट

हा भाग ऐकला नसेल आणि थेट इथे वाचायला आला असाल तरी हरकत नाही, गोष्ट तीच आहे. बोलताना जे राहून गेलं तेही इथे घातलंय.

सुरुवात बदलापूरच्या एका मैदानातून करतो. गेल्या हिवाळ्यातला रविवार, टेनिस चेंडूची स्पर्धा, शेवटचं षटक, समोरच्या संघाला अकरा धावा हव्यात. मी अंबरनाथच्या पोरांबरोबर गेलो होतो, म्हणजे आमची फिल्डिंग. आमच्याकडे एक काका आहेत, कारखान्यातून निवृत्त झालेले, जाड पुठ्ठ्याच्या वहीत प्रत्येक सामन्याचा हिशेब लिहितात. कुणी कुणाला किती चेंडू टाकले, किती मार पडला, सगळं. काका सीमारेषेवरून ओरडले, "अरे, त्या डावऱ्याला डावरा बोलर देऊ नकोस! वहीत बघ!" कॅप्टन दादाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि चेंडू आमच्या डावखुऱ्या फिरकीवाल्या पोराच्या हातात दिला. दुसऱ्याच चेंडूवर सिक्स, चौथ्यावर आणखी एक. संपलं.

परतीच्या लोकलमध्ये दादाला जे काही ऐकून घ्यावं लागलं ते इथे लिहीत नाही. पण एक गोष्ट माझ्या डोक्यात राहिली. दादाने काकांचं ऐकलं असतं आणि तरीही हरलो असतो, तर कुणी चकार शब्द काढला नसता. "नशीब," म्हणून सगळे वडापाव खायला गेले असते. वहीमागे लपता येतं. मनाचं ऐकलं की माणूस उघड्यावर येतो.

आता तुम्ही म्हणाल, यात इतिहास कुठे आला? येतोय. कारण हाच निर्णय, डावऱ्या बॅट्समनसमोर डावरा स्पिनर, एका मराठी कॅप्टनने 1971 साली घेतला होता. समोर बदलापूरचा पोरगा नव्हता, गॅरी सोबर्स होता.

अजित वाडेकर. मुंबईचा माणूस, स्टेट बँकेत नोकरी, बोलणं मोजकं आणि थोडं तिरकस. पतौडींच्या जागी कर्णधार झाले ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने. म्हणजे खुर्चीच मुळात एका मताच्या फरकाने मिळालेली. संघ गेला वेस्ट इंडीजला. तोवर भारताने वेस्ट इंडीजविरुद्ध एकही कसोटी जिंकलेली नव्हती. आकडा विचाराल तर आकडा साफ विरुद्ध होता.

पण या दौऱ्याची गोष्ट सांगताना आपण नेहमी थेट दुराणींवर उडी मारतो, आणि त्याआधीचं किंग्स्टन विसरतो. पहिली कसोटी, फेब्रुवारी 1971. पहिला दिवस पूर्ण पावसात धुऊन गेला. भारत 5 बाद 75 वरून 387 पर्यंत पोचला, दिलीप सरदेसाईंच्या 212 धावा. वेस्ट इंडीज 217 वर गारद. आघाडी 170. आता पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन द्यायला 200 ची आघाडी लागते, त्यामुळे बहुतेकांच्या लेखी विषय संपला होता. पण पहिला दिवसच गेला तर नियमाने तो सामना चार दिवसांचा धरतात आणि मग 150 पुरतात. वाडेकरांना हे माहीत होतं. ते सोबर्सला सांगायला गेले, की तुम्ही पुन्हा बॅटिंगला या. सोबर्स चकित झाला, अशी आठवण वाडेकर पुढे सांगत. सामना अनिर्णितच राहिला, कन्हायने नाबाद 158 केले, सोबर्सने 93. पण ज्यांनी आजवर आपल्याला झोडपलं त्यांना फॉलोऑन दिला, हे घडून गेलं. यात कसली आलीय अंतःप्रेरणा? नियमाचं पुस्तक नीट वाचलेला माणूस, इतकंच.

मग पोर्ट ऑफ स्पेन, मार्च 1971. वेस्ट इंडीज 214, भारत 352. दुसऱ्या डावात वेस्ट इंडीज 1 बाद 150, म्हणजे बारा धावांनी पुढे आणि नऊ विकेट हातात. चौथ्या दिवशी सकाळी सरावात चेंडू लागून चार्ली डेव्हिस जखमी झाला आणि आपला डाव पुढे सुरू करायला येऊ शकला नाही. फ्रेडरिक्स 80 वर रनआउट. म्हणजे नशीबही आलं होतं मैदानात, ते नाकारण्यात अर्थ नाही.

आणि मग वाडेकरांनी चेंडू दिला सलीम दुराणींना. दुराणींनी स्वतःच चेंडू मागितला होता, लॉइड आणि सोबर्सला मी काढतो म्हणाले होते, असं सांगतात. आता जरा थांबा आणि काकांची वही उघडा. दुराणी डावखुरे फिरकीपटू. लॉइड डावरा. सोबर्स डावरा. अशा वेळी चेंडू बॅट्समनच्या आत येतो, त्याला मारायला सोपा जातो. आजच्या टी-ट्वेंटीत डावरा बॅट्समन आला की डावरा स्पिनर लपवून ठेवतात, त्याला मॅच-अप म्हणतात. आजचा विश्लेषक लॅपटॉप मांडीवर घेऊन त्या पॅव्हिलियनमध्ये बसला असता तर त्याने कपाळाला हात लावला असता.

सोबर्स त्रिफळाचीत, शून्यावर. लॉइडचा झेल, 15 वर, घेतला खुद्द वाडेकरांनी. दुराणींचं पृथक्करण 17 षटकं, 8 निर्धाव, 21 धावा, 2 बळी. वेंकटराघवनने पाच काढले. भारताला हवे होते 124, ते तीन गडी गमावून झाले, आणि पहिलीच कसोटी खेळणारा सुनील गावसकर 67 वर नाबाद. वेस्ट इंडीजवर भारताचा पहिला कसोटी विजय.

मग काय, वाडेकरांनी आकडा धुडकावला? मला तसं वाटत नाही. कसोटीच्या चौथ्या दिवशी डावऱ्या बॅट्समनच्या ऑफ स्टंपबाहेर उजव्या हाताच्या बोलरांच्या बुटांनी खडबडीत जागा झालेली असते. तिथे पडून आत येणारा चेंडू आणि टी-ट्वेंटीच्या गुळगुळीत पट्टीवर आत येणारा चेंडू, दोघांना एकाच रकान्यात लिहिणं म्हणजे वहीचा अपमान. शिवाय दुराणी हा लहरी माणूस, पण लहर लागली की काय करतो हे बरोबर खेळलेल्यांना ठाऊक. ज्याला आपण ‘आतला आवाज’ म्हणतो ना, तो पुष्कळदा न लिहिलेली वही असते. वर्षानुवर्षं स्लिपमध्ये उभं राहून भरलेली.

थोडं विषयांतर. आपल्या भागात ‘आकडा’ म्हटलं की आधी काय आठवतं ते सांगायला नको. आणि हो, कल्याण मटक्याचा कल्याण स्टेशनशी काही संबंध नाही. ते नाव कल्याणजी भगत यांचं, 1962 साली त्यांनी तो सुरू केला. उल्हासनगरच्या एका श्रोत्याने मला मागे पैज लावून सांगितलं होतं की स्टेशनवरूनच नाव पडलं. दादा, चहा बाकी आहे. पण मटक्याच्या आकड्याला कालचं काही आठवत नसतं. काल अट्ठी आली म्हणून आज तिची शक्यता कमी-जास्त होत नाही. खेळाडूला मात्र काल आठवत असतो, आणि खेळपट्टीवर तर तो दिसतोही. त्यामुळे मैदानातल्या ‘शक्यता’ आणि आकड्याच्या ‘शक्यता’ एक धरायच्या नाहीत.

पुढचा प्रसंग, तेवीस वर्षांनी. ऑकलंड, 27 मार्च 1994. वाडेकर आता संघाचे व्यवस्थापक, म्हणजे कामाने प्रशिक्षकच. सिद्धूची मान आखडलेली, सलामीला कोण? वीस वर्षांचा सचिन तेंडुलकर अझरुद्दीन आणि वाडेकरांकडे गेला, एक संधी द्या म्हणाला, फसलो तर पुन्हा मागायला येणार नाही. तोवर तो सत्तरच्या घरात एकदिवसीय सामने खेळलेला, मधल्या फळीत, आणि शतक एकही नाही. काकांना विचारलं असतं तर? काकांनी वही चाळून सांगितलं असतं, ‘सलामीला सचिन’ हा रकानाच नाहीये. कोरा आहे.

82 धावा, 49 चेंडू. पहिलं शतक त्याच सप्टेंबरात कोलंबोला. पुढे त्याच्या 49 एकदिवसीय शतकांपैकी 45 सलामीला आली. आज कुठलाही संगणक सांगेल की सचिनला सलामीलाच पाठवा. पण ते सांगायला लागणारा आकडा तयार व्हायचा तर 27 मार्चला कुणीतरी कोऱ्या रकान्यावर हो म्हणायला हवं होतं. वहीत फक्त तेच असतं जे कुणीतरी एकदा करून पाहिलंय.

इथेच थांबलो तर गोष्ट फार गोड होईल. म्हणून कोलकाता.

13 मार्च 1996, वर्ल्ड कपची सेमीफायनल, ईडन गार्डन्स. वाडेकर अजूनही संघाबरोबर. भारताने टॉस जिंकला आणि फिल्डिंग घेतली. का? कारण श्रीलंका पाठलागात धोकादायक. अकराच दिवस आधी दिल्लीत सचिनने 137 करूनही त्यांनी आपले 271 आरामात पार केले होते. म्हणजे लहर वगैरे काही नाही, ताज्या आकड्यावर घेतलेला, शहाणा वाटणारा निर्णय. जयसूर्या आणि कालुवितरणा पहिल्याच षटकात परतले तेव्हा तर तो फारच शहाणा वाटला. मग डिसिल्व्हाने 66 ठोकल्या, त्यांचे 251 झाले, आणि खेळपट्टी तुटत गेली. 1 बाद 98 वरून आपण 8 बाद 120. बाटल्या, जाळपोळ, विनोद कांबळीचे अश्रू. तो सामना मी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला, आणि त्या रात्री आमच्या चाळीत कुणी जेवलं नव्हतं.

आकडा खोटा होता का? नाही. तो दिल्लीच्या पट्टीबद्दल खरं बोलत होता. प्रश्न कोलकात्याच्या पट्टीचा होता.

आणि गंमत बघा. चारच दिवसांनी लाहोरला फायनल. तोवर वर्ल्ड कपच्या पाच फायनल झालेल्या आणि पाचही पहिली बॅटिंग करणाऱ्यांनी जिंकलेल्या. पाचात पाच! रणतुंगाने टॉस जिंकला आणि ऑस्ट्रेलियाला बॅटिंग दिली. अझरने केलं तेच. श्रीलंका सात गडी राखून विश्वविजेती. एक निर्णय चूक आणि तोच दुसरा निर्णय थोर, हे आपण निकालाकडे पाहून ठरवतो. ऑकलंडला सचिन शून्यावर गेला असता तर वाडेकरांवर हा भागच झाला नसता. फसलेल्या अंदाजांची पुस्तकं निघत नाहीत, त्यामुळे ‘मनाचं ऐका’ सांगणाऱ्यांकडे उदाहरणांची कधी कमतरता नसते.

मी हे सगळं का उकरतोय ते सांगतो. आमच्या श्रोत्यांपैकी एक बाबा आहेत, अंबरनाथला राहतात. मुलगा बारा वर्षांचा. आठवड्यातून चार दिवस पहाटेची लोकल, किट बॅग दारातल्या गर्दीतून वर उचलायची, दादरला उतरायचं, सरावानंतर पुन्हा तोच प्रवास. त्यांनी मला विचारलं, "निवडीला तीनशे पोरं असतात. सर सहा चेंडू बघतात आणि पुढचा म्हणतात. सहा चेंडूंत काय कळतं?" खरं सांगायचं तर आकड्यांच्या हिशेबाने सहा चेंडूंत काहीच कळत नाही. कुठलाही विश्लेषक सांगेल की इतक्या कमी नमुन्यावर मत बनवू नये. पण बारा वर्षांच्या पोराची वही कोरीच असते. तिथे सरांकडे डोळ्याशिवाय काही नाही. आणि सर चुकले तर लोकलमध्ये ऐकून घ्यायची वेळ सरांवर येत नाही. पोरगं गप घरी येतं.

मी त्यांना उत्तर दिलं नाही. आपल्याच लाइनवरची एक गोष्ट सांगितली. कल्याणचा तुषार देशपांडे. तेरा वर्षांखालच्या निवडीला शिवाजी पार्क जिमखान्यावर गेला तो बॅट्समन म्हणून. पाहतो तर पॅड बांधून उभ्या असलेल्यांची रांग ही लांबलचक, आणि बोलरांची आखूड. संध्याकाळी परत कल्याण गाठायचंय. गेला बोलरांच्या रांगेत. त्याने हे मुलाखतींत स्वतः सांगितलंय. म्हणजे पोराने शक्यता मोजली, अगदी काकांसारखी, आणि सरांनी काही चेंडू बघून डोळ्याने ठरवलं की हा पाहिजे. पुढे मुंबई, चेन्नई सुपर किंग्ज, भारतीय संघ.

फेब्रुवारी 2024, रणजी उपांत्यपूर्व फेरी, बीकेसीचं मैदान, समोर बडोदा. मुंबईच्या दुसऱ्या डावात नऊ विकेट गेलेल्या. दहाव्या क्रमांकाचा तनुष कोटियन खेळतोय आणि अकराव्यावर आला तुषार. शेवटच्या विकेटसाठी 232 धावा. कोटियन नाबाद 120, तुषार 123. दहाव्या आणि अकराव्या दोघांनी एकाच डावात शतक ठोकण्याची प्रथम श्रेणी क्रिकेटमधली ही फक्त दुसरी वेळ. पहिली 1946 ची, ओव्हलवर, सरेविरुद्ध भारताच्या चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जींची.

हे ऐकून ते बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे ती लांब रांगही त्याचीच होती की!" मुलगा शेजारीच होता, तो मोबाइलमध्ये तुषारची इनिंग शोधत होता. दुसऱ्या दिवशी सराव होता, म्हणून दोघे लवकर उठले आणि गेले.