ऑलिंपस ट्रिप ३५

ऑलिंपस ट्रिप ३५ : ३५ मिमी. फिल्मवर चालणारा, बॅटरीविना आपोआप एक्सपोजर ठरवणारा जपानी छोटा कॅमेरा. ऑलिंपस कंपनीने तो १९६७ मध्ये (काही नोंदींनुसार १९६८ मध्ये) बाजारात आणला व १९८४ पर्यंत त्याचे उत्पादन चालू ठेवले. एक कोटीहून अधिक नग विकले गेले असे सामान्यतः सांगितले जाते. अनुक्रमांकांच्या आधारे काही संग्राहक हा आकडा फुगवलेला मानतात.

रचना : या कॅमेऱ्याचे मूळ ऑलिंपसच्याच पेन ईई या अर्ध्या चौकटीच्या कॅमेऱ्यात (१९६१) आहे. लेन्स ४० मिमी., एफ/२.८, झुइको, तीन गटांत चार भिंगे. लेन्सभोवती बुडबुड्यांच्या जाळीसारखे दिसणारे कडे म्हणजे सेलेनियमचा प्रकाशघट. त्यावर पडणाऱ्या उजेडातून वीज तयार होते व तिने मीटरचा काटा हलतो. बटण दाबताना हा काटा पायऱ्यांच्या पट्टीत पकडला जातो आणि तो जिथे अडकेल त्यानुसार ॲपर्चर व शटरचा वेग ठरतो. वेग दोनच : १/४० आणि १/२०० सेकंद. एफ/२.८ व १/४० ला देखील उजेड पुरत नसेल, तर व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर येते आणि शटर उघडत नाही. वाया जाणारे छायाचित्र घेऊच न देणारी ही सोय नवशिक्यासाठी उत्तम आहे. सरावलेल्याला ती अधूनमधून जाचते.

ॲपर्चरचे कडे ‘ए’ या खुणेवर असताना सर्व काही आपोआप होते. ते आकड्यावर फिरवल्यास शटर १/४० वर स्थिर राहते. ही सोय फ्लॅशसाठी आहे, पण कमी उजेडात लाल पट्टीचा अडसर टाळण्यासाठीही ती वापरतात.

अंतर चार चिन्हांनी लावायचे : एक डोके (१ मी.), दोन माणसे (१.५ मी.), तिघांचा गट (३ मी.) व डोंगर (अनंत). निवडलेले चिन्ह आणि ॲपर्चरचा आकडा व्ह्यूफाइंडरच्या खालच्या बाजूच्या चिमुकल्या खिडकीतून दिसतात. फिल्म मागील दातेरी चाकाने पुढे सरकवतात.

फिल्मची निवड : वेग किंवा ॲपर्चर यांवर वापरणाऱ्याचा ताबा जवळजवळ नसल्याने या कॅमेऱ्यात खरा निर्णय रोल भरतानाच होतो. फिल्मची संवेदनशीलता लावण्याच्या तबकडीवर २५ ते ४०० एएसए एवढ्याच खुणा आहेत. लख्ख उन्हात १०० एएसएची फिल्म असेल तर १/२०० ला सुमारे एफ/११, २०० असेल तर एफ/१६ आणि ४०० असेल तर एफ/२२ लागते. म्हणजे ४०० एएसए ही भर उन्हातली अगदी काठावरची मर्यादा होय. समुद्रकाठच्या पांढऱ्या वाळूवर किंवा बर्फात ही फिल्म साधारण एक स्टॉप जास्त उजेड घेते. निगेटिव्ह फिल्म तो पचवते. स्लाइड फिल्म पचवत नाही.

तरीही ४०० एएसएचाच रोल या कॅमेऱ्याला सर्वांत मानवतो. अंतर अंदाजाने लावायचे असल्याने ॲपर्चर जितके लहान तितकी चूक झाकली जाते. तिघांच्या चिन्हावर, म्हणजे ३ मी. वर, एफ/१६ ला सुमारे दीड मीटरपासून तीसेक मीटरपर्यंतचे सारे समाधानकारक स्पष्ट येते, एफ/५.६ ला ही व्याप्ती बरीच आक्रसते. शिवाय ढगाळ संध्याकाळी लाल पट्टी उशिरा उठते. एफ/२२ ला लेन्सची धार थोडी बोथट होते, हे त्याचे मोल. पोस्टकार्डाच्या आकाराच्या प्रतीत ते जाणवत नाही. घरातल्या रात्रीच्या दिव्यांत मात्र ४०० ही सहसा अपुरी पडते. ८०० एएसएचा रोल भरून फारसे साधत नाही, कारण तबकडी ४०० च्या पुढे जात नाही.

कृष्णधवलमध्ये इलफर्ड एचपी५ प्लस व कोडॅक ट्राय-एक्स (दोन्ही ४००) या नेहमीच्या निवडी. उन्हासाठी एफपी४ प्लस (१२५). रंगीतमध्ये कोडॅक गोल्ड २०० किंवा अल्ट्रामॅक्स ४००. रंगीत निगेटिव्ह ४०० एएसएची असताना तबकडी २०० वर ठेवून सावल्यांत अधिक तपशील मिळवणे हा जुना व उपयुक्त रिवाज आहे. स्लाइडसाठी मीटर अचूक असावा लागतो, आणि जुन्या नगाबद्दल ती खात्री देता येत नाही.

प्रकाशघट फिल्टरच्या कड्याच्या आत येत असल्याने ४३.५ मिमी. चा पिवळा फिल्टर लावला तरी वेगळी भरपाई करावी लागत नाही.

फ्लॅश : हॉट शू व केबलची खाच, दोन्ही आहेत.

प्रसिद्धी : ब्रिटनमध्ये १९७०च्या दशकात छायाचित्रकार डेव्हिड बेली यांना घेऊन केलेल्या जाहिराती गाजल्या. भारतात त्या काळी घरगुती कॅमेरा म्हणजे बहुधा १२० रोलचा आग्फा क्लिक थ्री.

जुना नग घेताना : लेन्स तळहाताने झाकून ‘ए’ वर बटण दाबावे, लाल पट्टी उठली पाहिजे. उजेडाकडे रोखल्यावर ती उठता कामा नये. उजेडातही उठत असेल तर घट निकामी झाला आहे किंवा मीटर अडकला आहे. ॲपर्चरच्या पात्यांवर तेल येऊन ती चिकटणे, तसेच मागील दारातील फोमचा भुगा होणे हे नेहमीचे दोष. फोम स्वस्तात बदलता येतो. कोकणासारख्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरते, म्हणून पावसाळ्यात कॅमेरा सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावा. न वापरलेल्या काळात लेन्सवर झाकण ठेवल्याने घटाचे आयुष्य वाढते का, याबाबत एकमत नाही.

भेद : सुरुवातीच्या नगांवर शटरचे बटण धातूचे, १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काळ्या प्लास्टिकचे. पूर्ण काळ्या रंगातही काही नग निघाले. फिल्म दाबणाऱ्या पट्टीच्या मागील बाजूस निर्मितीचा सांकेतिक क्रमांक आढळतो. ‘ट्रिप’ हे नाव ऑलिंपसने पुढे प्लास्टिकच्या बॅटरीवरील कॅमेऱ्यांनाही दिले. ट्रिप एएफ आदी त्या कॅमेऱ्यांचा या रचनेशी संबंध नाही.