घाटातली पटकी आणि घरातले गाळणे



२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे रुग्ण वाढले. काहींच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला आणि सगळ्यांचे लक्ष पाण्याकडे गेले. तेव्हापासून आमच्या लोणावळ्याच्या घरात पाणी गाळून झाल्यावर उकळायचेही ठरले. पहिल्याच दिवशी सूनबाईने विचारले, "आई, गाळताना आपण जीव वाचवतो आणि मग तेच पाणी उकळतो. हे कसे?"

मला चटकन उत्तर देता आले नाही. म्हणून पाण्यातून येणाऱ्या रोगांबद्दल वाचायला बसले, आणि वाचता वाचता आपल्याच बोरघाटात येऊन थांबले.

मुंबईला जाताना खंडाळा सोडले की एकामागून एक बोगदे लागतात. मुले ओरडतात, आपण दरीकडे बघतो. या घाटात लोहमार्ग बांधायला १८५६ साली सुरुवात झाली आणि २१ एप्रिल १८६३ रोजी तो खुला झाला. २५ बोगदे, कितीतरी पूल, आणि ३७ फुटांना एक फूट असा चढ. १८६१ साली एका वेळी ४२ हजार माणसे कामावर होती. कातळाला सुरुंगाची भोके पाडायला माणसे दोराला लटकत. अपघात होतच, पण मोठा घास घेतला तो रोगांनी. १८५९-६० च्या हंगामात घाटात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, भयंकर साथ आली. सगळ्या वर्षांत मिळून सुमारे २४ हजार मजूर गेले, असा अंदाज दिला जातो.

सॉलोमन ट्रेडवेल हे कंत्राटदार १८५९ साली विलायतेहून आले आणि काही आठवड्यांतच आजारी पडून वारले. त्यांची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही. दोन अभियंते नेमून काम तडीस नेले. नवरा गेल्यावर परक्या मुलुखात एवढा व्यवहार सांभाळणाऱ्या या बाईचे मला कौतुक वाटते. तिचे नाव इतिहासात आहे. मजुरांची नावे मात्र कुठे सापडत नाहीत. मी कॉमर्सची पदवीधर. वहीत प्रत्येक खर्चाची नोंद हवी हे मनावर बिंबलेले. हा खर्च कोणत्या वहीत लिहिला गेला?

त्या काळी शिकलेल्या लोकांचाही समज असा की पटकी दूषित हवेने होते. आपल्याकडे गावाच्या वेशीवर मरीआईला नैवेद्य दाखवत. खरे कारण तोवर सांगून झाले होते. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून दाखवले की मरणारी बहुतेक माणसे एकाच पंपाचे पाणी पीत होती. त्याच वर्षी इटलीत पाचिनी यांनी रोग्यांच्या आतड्यात तो जिवाणू पाहिला. दोघांचेही फारसे कुणी ऐकले नाही. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात तोच जिवाणू रोग्यांत आणि तळ्याच्या पाण्यातही शोधला, तेव्हा कुठे जग मानू लागले. घाटातल्या साथीनंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९५९ साली, कलकत्त्याच्याच शंभूनाथ डे यांनी दाखवले की हा जिवाणू एक विष सोडतो आणि त्यामुळे आतड्यातून शरीरातले पाणी वाहून जाते. म्हणूनच मीठ-साखरेचे पाणी वेळेवर मिळाले तर माणूस वाचतो. एवढी साधी गोष्ट त्या हजारो जणांसाठी कुणाला ठाऊक नव्हती.

आता आपल्या गाळण्याकडे येते. दुहेरी, दाट कापडातून पाणी गाळायचे आणि कापडावरचे जीव, म्हणजे जिवाणी, जिथले पाणी तिथेच अलगद सोडायची, हे माझ्या सासूबाईंनी शिकवले. बांगलादेशात रीटा कोलवेल यांच्या चमूने खेड्यांतल्या बायकांना जुन्या सुती साडीच्या घड्यांतून पाणी गाळायला सांगितले होते. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात कॉलऱ्याचे रुग्ण जवळजवळ निम्म्याने कमी झालेले दिसले. एकटा जिवाणू कापडातून सहज निसटतो. पण तो पाण्यातल्या बारीक कवचाच्या प्राण्यांना चिकटून राहतो, आणि ते प्राणी कापडावर अडकतात.

हे वाचून मला आनंद झाला, पण "आपल्या पूर्वजांना जिवाणू ठाऊक होते" असे मी म्हणणार नाही. गाळण्याचा नियम आपल्या आरोग्यासाठी नव्हता, पाण्यातल्या त्रसजीवांवरच्या दयेसाठी होता. त्या दयेचा थोडा लाभ आपल्यालाही झाला, एवढेच. आणि निम्मेच रुग्ण कमी झाले, हेही विसरायचे नाही. उरलेल्या निम्म्यांसाठी उकळणे हवे.

सूनबाईला मी म्हटले, "गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही. चूल पेटली की ती होतेच. म्हणून आधी गाळायचे, जिवाणी जपून सोडायची, आणि लागेल तेवढेच उकळायचे." तिला ते पटले असावे. पण नंतर ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "मग त्यांचे काय?"

समोरच्या प्लॉटवर बंगल्याचे बांधकाम चालू आहे. तिथले मजूर आमच्या अंगणातल्या नळावर बाटल्या भरतात. पाण्याला नाही म्हणायचे नसते, म्हणून मी कधी अडवले नाही, आणि त्याचे मला मनातून पुण्यही वाटत होते. घरात गाळलेले आणि उकळलेले, त्यांना मात्र थेट नळाचे. पाण्यातल्या न दिसणाऱ्या जिवाची काळजी करणाऱ्या मला दारातली तहानलेली माणसे दिसली नव्हती. दीडशे वर्षांपूर्वी घाटातही काही वेगळे घडले नसेल.

आता सकाळी दोन पातेली चढतात. दुसरे निवले की अंगणातल्या माठात ओतते. माठावर झाकण आहे आणि पाणी काढायला लांब दांड्याचे ओगराळे, म्हणजे कुणाचा हात पाण्यात जात नाही. गॅस थोडा जास्त लागतो. तो खर्च मी वहीत लिहिते.

जयजिनेंद्र.