जलातील सूक्ष्म चुंबक

बऱ्हाणपुरास सातपुड्याच्या पायथ्याकडून भुयारी वाटेने पाणी आणणारा कुंडी भंडारा १६१५ सालचा. भूमीच्या पोटातील जल हेरण्याची ती विद्या. त्याच जलाच्या अणूचे अंतरंग विसाव्या शतकाने हेरले. त्या शोधात एका भारतीय संशोधकाचाही वाटा आहे, हे आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल.

पाण्यातील हायड्रोजनचे प्रत्येक केंद्रक म्हणजे एक सूक्ष्म चुंबकच होय. प्रबळ चुंबकाच्या सान्निध्यात ते भोवऱ्याप्रमाणे डोलू लागते. त्या डोलण्याशी जुळणारी रेडिओलहर सोडली की ते तिला प्रतिसाद देते. भजनाच्या वेळी तंबोऱ्याची एक तार छेडताच त्याच सुरात लावलेली दुसरी तार झंकारते, तसाच हा अनुनाद. १९४६ साली अमेरिकेत ब्लॉख व पर्सेल यांनी तो स्वतंत्रपणे दाखवून दिला आणि १९५२ चे नोबेल पारितोषिक त्या दोघांस मिळाले.

ब्लॉख यांच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. एस. एस. धर्मट्टी संशोधन करीत होते. १९५१ साली अर्नोल्ड, धर्मट्टी व पॅकार्ड या त्रयीने मद्यार्काची परीक्षा केली. त्याच्या रेणूत हायड्रोजनचे सहा अणू असतात. पण ते एका सुरात बोलले नाहीत. संकेत उमटले तीन, आणि त्यांचे प्रमाण ३, २ व १ असे! रेणूतील तीन स्थानी ते अणू नेमके याच संख्येने वसलेले असतात. शेजार बदलला की अणूचा सूरही किंचित बदलतो, हे त्यातून स्पष्ट दिसले. पदार्थ न मोडता त्याची रचना वाचण्याची किल्ली रसायनशास्त्रास लाभली.

स्वदेशी परतल्यावर धर्मट्टींनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत या शास्त्राची शाखा उभारली आणि शिष्य घडविले. पुढे त्याच संस्थेत या विषयाचे राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. रुग्णालयातील एमआरआय यंत्र आपल्या देहातील जलाचाच अनुनाद टिपते. त्या प्रतिमातंत्रासाठी लाउटरबर व मॅन्सफील्ड यांना २००३ चे नोबेल मिळाले. २०२३ साली संमत झालेल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनमध्ये सूक्ष्म संवेदनाच्या शाखेचे केंद्र म्हणून पवईच्या आयआयटीची निवड झाली आहे. एकाच स्फटिकदोषातील इलेक्ट्रॉनच्या साहाय्याने अतिक्षीण चुंबकक्षेत्र मोजण्याची ही विद्या त्याच अनुनादाची पुढची पायरी.

कुंडीवर घागर भरणाऱ्यास भुयार खोदणारे हात दिसत नाहीत. पाणी मात्र त्या हातांनी केलेल्या वाटेनेच येते. धर्मट्टींचे स्मरण ठेवायचे ते यासाठी.