केळ्यांनी बऱ्या झालेल्या मुलांची गोष्ट

मुलाचे पोट बिघडले की आपल्याकडे चुलीवर पहिल्यांदा चढते ती पेज. तांदळाची नाहीतर साबुदाण्याची. लंडनचे डॉक्टर सॅम्युएल जी यांना मात्र हे मुळीच पटले नसते. १८८८ साली त्यांनी लहान मुलांच्या एका विचित्र दुखण्याचे वर्णन छापले. अंगावरून नुकतीच सुटलेली, एक ते पाच वर्षांची मुले. पोट नगाऱ्यासारखे फुगलेले, हातपायांच्या काड्या, शौचाला पातळ, फिकट आणि अतिशय दुर्गंधी. मूल किरकिरे होई, वाढ खुंटे, आणि त्यातली कितीतरी मुले खंगून दगावत. पोटाला ग्रीक भाषेत जो शब्द आहे, त्यावरून या दुखण्याला ‘सीलिअ‍ॅक’ म्हणतात.

हे दुखणे बरे व्हायचेच असेल तर ते आहारानेच होईल, असे जी यांनी लिहून ठेवले. इथवर त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. पुढे पथ्य सांगताना मात्र त्यांनी भात, साबुदाणा आणि मक्याचे पीठ वर्ज्य केले. पाव? तो चालेल, फक्त पातळ कापलेला आणि दोन्ही बाजूंनी नीट भाजलेला हवा!

आज हे वाचताना वाईट वाटते. ज्यांचा काही अपराध नव्हता ते ताटातून बाहेर गेले, आणि खरा अपराधी खरपूस भाजून ताटात आला. एका मुलाला रोज हॉलंडच्या शिंपल्यांचे मांस दिले, तेव्हा ते छान बाळसे धरू लागले. हंगाम संपला आणि मूल पुन्हा आजारी पडले, अशी नोंदही जी यांनी केली आहे. उत्तर जवळ आले होते, पण हाती लागले नाही.

त्यानंतरच्या डॉक्टरांचा समज असा झाला की, या मुलांना पिष्टमय पदार्थ पचत नाहीत. पिष्ट म्हणजे स्टार्च, आपल्या धान्याकंदांतले मुख्य कर्बोदक. न्यूयॉर्कचे डॉ. सिडनी हास याच मताचे. पिकलेल्या केळ्यात पिष्टाची साखर झालेली असते, म्हणून केळे सोसेल, असा त्यांचा तर्क. १९२४ साली त्यांनी आपला केळ्यांचा आहार प्रसिद्ध केला. दिवसाला चार-चार, आठ-आठ केळी, दूध, ताजे चीज, मांस, भाज्या. पाव, बिस्किटे, बटाटे आणि झाडून सारी धान्ये बंद. आणि मुले खरोखरच बरी झाली! मरणाच्या दारातून परत आलेले मूल पाहिल्यावर आईबापांनी केळ्याला देव मानले, तर त्यांना कोण हसेल?

पण गुण केळ्याचा नव्हताच. ताटातून पाव गेला होता, त्याचा तो गुण होता. हास यांना हे कळले नाही, आणि त्यांचा समज असा की मूल एकदा बरे झाले म्हणजे कायमचे बरे झाले. मग ते पुन्हा पावाकडे वळे. वरून ठणठणीत दिसणाऱ्या त्या मुलांच्या आतड्याला पुन्हा इजा सुरू होई. औषध बरोबर आणि कारण चूक, याची किंमत अशी पुढे मोजावी लागते.

खरे कारण सापडले हॉलंडमध्ये. हेग शहरातल्या मुलांच्या इस्पितळात विलेम डिके नावाचे डॉक्टर होते. १९३० नंतरच्या दशकातच त्यांना गव्हाचा संशय आला होता आणि गहू वगळून त्यांनी प्रयोगही सुरू केले होते. मग आला १९४४-४५ चा हिवाळा. जर्मनांनी अन्नाची वाहतूक तोडली. माणसे ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागली, हजारो लोक उपासमारीने मेले. पाव मिळेनासा झाला, आणि सारा देश खंगत असताना ही आजारी मुले सुधारली. पाव परत मिळू लागला तशी ती पुन्हा आजारली. डिकेंना शोध लागला तो या उपासमारीमुळेच, असे अनेकदा सांगितले जाते. ते तितकेसे खरे नाही. संशय आधीचाच होता, दुष्काळाने तो पक्का केला एवढेच. पुढे त्यांनी मुलांना आळीपाळीने गहू, तांदूळ, मका, बटाटा देऊन नोंदी ठेवल्या आणि १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठात प्रबंध सादर केला. तांदूळ, मका, बटाटा निर्दोष सुटले. गहू आणि राय दोषी ठरले.

पण गव्हातले नेमके काय? इथे मला आजोळच्या कुरडया आठवतात. गहू तीन दिवस भिजवायचे, वाटायचे, पिळून गाळायचे. खाली बसतो तो पांढरा चीक. तो म्हणजे गव्हाचे पिष्ट. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या डॉ. शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण तेच केले. कणीक धुऊन पिष्ट वेगळे काढले. मागे उरला तो रबरासारखा चिवट गोळा, म्हणजे ग्लूटेन हे प्रथिन. १९५२ साली त्यांनी निष्कर्ष छापला: पिष्टाने मुलांना काही होत नाही, ग्लूटेनने होते. शंभर नव्हे, पण साठाहून अधिक वर्षे कर्बोदकाच्या माथी मारलेला गुन्हा एका प्रथिनाचा निघाला! (म्हणून कोणी या रुग्णांना घरची कुरडई देऊ नये हं. घरच्या चिकात ग्लूटेन उरतेच.)

पुढे कळले की, ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, आणि आतल्या अस्तरावरची मखमलीसारखी लव झडून ते सपाट होते. मग खाल्लेले अंगी लागणार कसे?

आपल्याकडेही हा आजार आहे. उत्तर भारतात, जिथे गव्हाची रोटी रोजची, तिथे साधारणपणे शंभरात एकाला तो आढळतो. मूल बुटके राहते, रक्त कमी असते, लोहाच्या गोळ्या लागू पडत नाहीत, आणि पोटाकडे कुणाचे लक्षच जात नाही. एकदा निदान झाले की गहू जन्मभर बंद. आपले नशीब की ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ या मुलांना चालतात, मात्र दळताना गिरणीत आधीचे गव्हाचे पीठ मिसळता कामा नये. रवा, मैदा, शेवया तर गेल्याच. शिवाय फोडणीतला हिंगसुद्धा डबी उलटून वाचून घ्यावा लागतो, कारण बाजारच्या बांधानी हिंगात पुष्कळदा मैदा असतो.