गोमंतकांतील खाजनें

समुद्राकडून जमीन सोडवून घेणें कठीण खरें. पण ती पिढ्यान्‌पिढ्या राखणें त्याहूनहि कठीण, कारण त्यासाठीं सबंध गांवाचें एकमत लागतें. मांडवी व जुवारी या नद्यांकांठच्या खाजनांचा इतिहास हा मुख्यतः या एकमताचा इतिहास होय.

खाजन म्हणजे भरतीच्या पातळीहून सखल, परंतु बांध घालून खाडीपासून राखलेली जमीन. बांधांत बसविलेल्या लांकडी दारांच्या मोरीस मानशी म्हणतात. भरती चढूं लागली कीं पाण्याच्याच दाबानें दारें मिटतात. ओहोटीस आंतील पाण्याच्या भारानें तीं उघडतात. पावसानें जमिनींतील मीठ धुवून निघालें म्हणजे खारटपणा सोसणारें कोरगुट भात तेथें पिकतें. मानशीच्या तोंडाशीं जाळें लावून मासे व कोळंबी धरतात, तें उत्पन्न निराळेंच.

हा सर्व कारभार गांवकरी ही ग्रामसंस्था पाही. १५२६ सालीं पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया यानें तिच्या पूर्वापार रूढी व हक्क फोराल नांवाच्या सनदपत्रांत नमूद केले. अर्थात् ही व्यवस्था पोर्तुगीजांच्या आधींची होय. गांवकरी जमीन कसावयास देई, मासेमारीचा लिलाव करी, कर व खर्च भागवी आणि शेष रक्कम सभासदांत वांटी. बांधास भगदाड पडल्यास खारें पाणी एकाच्याच शेतांत थांबत नसे. म्हणून बांध कोणासच परका नव्हता.

परंतु केवळ स्तुति म्हणजे इतिहास नव्हे. गांवकराचा हक्क जन्मसिद्ध असून तो पुरुषांकडेच चाले. चिखल वाहणाऱ्या मजुरांस सभेंत स्थान नव्हतें. १९६४ चा कूळ कायदा व त्याची १९७६ ची दुरुस्ती यांनीं कसणाऱ्यास मालकी दिली, हें न्याय्यच झालें. बांधाची संयुक्त जबाबदारी १९७५ च्या नियमांनीं कुळांवर आली. पुढें मात्र भातशेती परवडेनाशी झाली आणि मासळीस भाव आला. शेतकऱ्यास खारें पाणी बाहेर हवें, ठेकेदारास तें आंत हवें! कित्येक बांध दुरुस्तीवांचून खचले. कोठें कोठें ते मुद्दाम फोडल्याच्या तक्रारीहि झाल्या.

इकडे १९०१ ते २०१८ या काळांत जगांतील समुद्राची सरासरी पातळी सुमारें २० सेंटिमीटर चढली असून चढण्याचा वेगहि वाढत आहे. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेनें खाजनांचें रक्षण करून त्यांच्या व्यवस्थेचा आराखडा करावा असें ठरविलें. आराखडा अवश्य व्हावा. पण अमावास्येच्या उधाणांत बांध फुटला तर मध्यरात्रीं तेथें कोण धांवणार, याचें उत्तर त्यांत असलें पाहिजे. तें उत्तर गांवच देऊं शकेल. जुनी सभा परत आणतां येणार नाहीं, आणूंहि नये. नव्या बैठकींत कूळ, मासे धरणारा, मजूर आणि स्त्रिया समान हक्कानें बसाव्यात. मात्र उत्पन्नांतून आधीं बांधाचा खर्च व मग वांटणी, हा जुना क्रम त्या बैठकीनें पहिल्याच दिवशीं कायम करावा.