पंपातला वायू बदलला तेव्हा

ओझोनच्या थराचा इतिहास सांगताना १९८७ चा मॉन्ट्रियल करार यशोगाथा म्हणून सांगितला जातो. तो तसाच सांगायला हवा, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण या यशाचं बिल कोणाकोणाच्या नावावर फाडलं गेलं, हा प्रश्न इतिहासाच्या पुस्तकांत फारसा येत नाही. आज आपण त्यातल्या एकाच बिलाकडे बघणार आहोत: अमेरिकेतल्या दम्याच्या रुग्णांचा पंप. कागदोपत्री त्याला इनहेलर म्हणतात, पण आपल्याकडे घराघरांत त्याचं नाव पंपच आहे, तेव्हा आपणही तेच वापरू.

हा पंप आला कुठून? १९५५ साली अमेरिकेतल्या रायकर लॅबोरेटरीज या कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांना त्यांच्या तेरा वर्षांच्या दमेकरी मुलीनं विचारलं, की माझं औषध हेअरस्प्रेसारखं डब्यात का मिळत नाही? तोवर काचेच्या फवारणीयंत्राचा रबरी फुगा दाबत बसावं लागे. वर्षभरात, १९५६ मध्ये, रायकरचा मेडिहेलर बाजारात आला. दाबाखाली द्रवरूपात भरलेला वायू, त्यात औषध, आणि दर वेळी नेमकी तेवढीच मात्रा सोडणारी झडप. दाबलं की द्रव बाहेर येऊन क्षणात उकळतो आणि औषधाचे बारीक कण हवेत सोडतो. हा वायू म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन, सीएफसी. विषारी नाही, पेट घेत नाही, वास नाही. फुफ्फुसात सोडायला याहून निरुपद्रवी काय असणार, असंच सगळ्यांना वाटलं, आणि फुफ्फुसापुरतं ते खरंही होतं.

पुढची गोष्ट ओळखीची आहे, म्हणून झरझर जाऊ. १९७४ मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं, की सीएफसी वातावरणात वर जाऊन ओझोन नष्ट करतात. १९७८ मध्ये अमेरिकेनं बहुतेक फवाऱ्यांमधून त्यांना हद्दपार केलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं भोक जगापुढे आलं, दोन वर्षांत मॉन्ट्रियलचा करार झाला आणि १९९६ च्या आरंभापासून विकसित देशांत सीएफसीचं उत्पादन जवळजवळ थांबलं. इथे एक गंमत लक्षात घ्या. ज्या हेअरस्प्रेवरून पंप सुचला, त्याला १९७८ मध्येच सीएफसी सोडावा लागला. त्याचं काही बिघडलं नाही, कारण ब्यूटेन-प्रोपेनवर त्याचं भागलं. असले ज्वालाग्राही वायू दमेकऱ्याच्या छातीत कोण सोडणार? म्हणून पंपाला ‘अत्यावश्यक वापर’ या नावाखाली सूट मिळाली. ती कायमची नव्हती. दरवर्षी मागायची, दरवर्षी मोजून मिळायची.

मग पर्यायाचा शोध. औषध कंपन्यांनी एकत्र येऊन हायड्रोफ्लुरोअल्केन, म्हणजे एचएफए, या वायूंच्या विषारीपणाच्या चाचण्या केल्या. वाटतं तसं हे ‘एक वायू काढला, दुसरा भरला’ असं काम नव्हतं. जुन्या पंपातले कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून जे पदार्थ घालत, ते नव्या वायूत नीट विरघळत नव्हते. झडपेचं रबर बदलावं लागलं, काही पंपांत थोडा अल्कोहोल घालावा लागला. १९९६ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं, एफडीएनं, पहिला एचएफए पंप मंजूर केला. त्यात औषध होतं अल्ब्युटेरॉल. आपल्याकडे यालाच सॅल्ब्युटामॉल म्हणतात. धाप लागली की घ्यायचं, मिनिटांत श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध. २००५ मध्ये एफडीएनं नियम काढला: ३१ डिसेंबर २००८ नंतर सीएफसीचा अल्ब्युटेरॉल पंप विकायचा नाही.

आणि तक्रारी सुरू झाल्या. ‘याच्यात काही नाहीच’, ‘फुस्स करतो नुसता’, ‘चव विचित्र आहे’, ‘चार दिवसांत बंद पडतो’. डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं: औषध तेच, मात्रा तीच, चाचण्यांत परिणामही सारखाच. हे उत्तर खोटं नव्हतं. पण त्यानं रुग्णाचं समाधान का होईना, हे जरा सविस्तर बघायला हवं.

जुन्या पंपाचा फवारा थंडगार आणि जोरकस असे, घशाच्या मागच्या भिंतीवर सटकन आपटायचा. खरं तर हा दोष होता, कारण बरंचसं औषध घशातच बसायचं. पण वीस-तीस वर्षं पंप वापरणाऱ्याला तो गार झटका म्हणजे पोच होती: औषध आलं, आता मोकळं होईल. नवा फवारा मऊ आणि तुलनेनं कोमट. औषध छातीत पोचतं, पण पोचल्याची खूण मिळत नाही. रात्री दोन वाजता छाती भरून आलेल्या माणसाला चाचण्यांचे आलेख दिसत नसतात. त्याच्याकडे ती एकच खूण होती, आणि आपण ती काढून घेतली. घाबरला की श्वास आणखी उथळ होतो, हे दमेकऱ्याला सांगावं लागत नाही.

दुसरी तक्रार तर निव्वळ यंत्राची होती. नव्या पंपाच्या तोंडाशी औषध साचून छिद्र बुजायचं. म्हणून धातूचा डबा काढून प्लास्टिकचा भाग आठवड्यातून एकदा कोमट पाण्यानं धुवायचा आणि पूर्ण वाळवायचा. नवा पंप उघडला किंवा बरेच दिवस पडून राहिला, की आधी तीन-चार फवारे हवेत सोडायचे. जुन्या पंपाला इतकं लाडावून ठेवावं लागत नसे. डबा पाण्यात टाकून, तो किती तरंगतो यावरून उरलेल्या औषधाचा अंदाज घ्यायची पद्धतही गेली. या सूचना पंपाच्या खोक्यातल्या घडी घातलेल्या कागदावर होत्या. तो कागद कोण वाचतं? चाचणीत रुग्णाला वापर शिकवतात आणि त्याच्यावर लक्षही ठेवतात. घरी तसं नसतं. तेव्हा ‘पंप चालत नाही’ म्हणणारा रुग्ण पुष्कळदा अक्षरशः खरं बोलत होता: त्याच्या हातातला पंप बुजलेला होता.

सगळ्याच बदलात नुकसान झालं असं मात्र म्हणू नये. बेक्लोमेथासोन या स्टेरॉइडचा एक एचएफए पंप इतका बारीक फवारा देऊ लागला, की जुन्याच्या साधारण निम्म्या मात्रेत काम भागू लागलं. पण हा पंप रोजचा, प्रतिबंधाचा. लोकांचा जीव अडकला होता तो अडीनडीच्या पंपात.

तिसरी गोष्ट पैशाची, आणि आमच्या मते खरी जखम हीच. सीएफसी पंपाचं पेटंट केव्हाच संपलं होतं. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून स्वस्त जेनेरिक अल्ब्युटेरॉल मिळत होतं. बंदीनं ते सगळं एका तारखेला दुकानातून उठलं आणि उरले फक्त ब्रँडवाले एचएफए पंप, प्रत्येकावर नवी पेटंटं. विमा असलेल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात दर चिठ्ठीमागे रुग्णाच्या खिशातून जाणारी सरासरी रक्कम २००४ मध्ये १३.६० डॉलर होती, ती बंदीनंतर लगेच २५ डॉलर झाली आणि वापर थोडासा घटला. ज्यांना विमाच नाही, त्यांना तर पूर्ण किंमत मोजणं भाग होतं.

एफडीएला हे ठाऊक नव्हतं का? होतं. किंमत वाढणार हे त्यांनी २००५ च्या नियमात स्वतःच नोंदवलंय. औषधाची सूट काढायची तर पर्यायी पंप साधारण तितकाच सोयीचा हवा, पुरवठा पुरेसा हवा आणि रुग्णांची गरज नीट भागली पाहिजे, अशा अटीही होत्या. त्या पुऱ्या झाल्या असं ठरवताना मोफत नमुने आणि सवलतीच्या योजना देऊ, या कंपन्यांच्या आश्वासनांचा आधार घेतला गेला. इथे आमचं मत स्पष्ट आहे: ओझोनचा निर्णय बरोबर होता, तारीख ठरवण्यात घाई झाली. जेनेरिक यायची वाट पाहता आली असती का? सोपं नव्हतं. औषधाच्या दर्जाचा सीएफसी बनवणारे कारखाने बंद होत होते, आणि अमेरिकाच सूट मागत राहिली तर बाकीच्या देशांना कोणत्या तोंडानं सांगणार? पण मधल्या वर्षांचा खर्च सरकारनं किंवा कंपन्यांनी उचलायचा, की श्वास अडकलेल्या माणसानं, हा प्रश्न वेगळा होता. तो नीट मांडलाच गेला नाही.

डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मिळणारा एपिनेफ्रिनचा प्रायमाटिन मिस्ट हा पंप ३१ डिसेंबर २०११ नंतर गेला. तज्ज्ञांना तो आवडत नव्हताच. पण ज्यांना डॉक्टर परवडत नाही, त्यांच्या खिशात तोच असे. एचएफए रूपात तो परत मंजूर झाला नोव्हेंबर २०१८ मध्ये, म्हणजे जवळपास सात वर्षांनी.

आणि एचएफए अल्ब्युटेरॉलची स्वतंत्र जेनेरिक? एफडीएनं पहिली मंजूर केली फेब्रुवारी २०२० मध्ये, पेरिगो कंपनीची. दुसरी एप्रिलमध्ये, आणि ती होती आपल्या मुंबईच्या सिप्लाची. बंदीपासून मोजा, अकरा वर्षं.

तोवर नव्या वायूचीच पाळी आली होती. एचएफए ओझोनला धक्का लावत नाहीत, पण त्यातला जास्त वापरला जाणारा एचएफए-१३४ए हा शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता धरून ठेवतो. २०१६ मध्ये किगालीत मॉन्ट्रियल करारालाच दुरुस्ती जोडून हे वायू टप्प्याटप्प्यानं कमी करायचं ठरलं. अमेरिकेनं २०२० मध्ये तसा कायदा केला आणि त्यातही पंपांसाठी काही वर्षं वायूचा वेगळा वाटा राखून ठेवला. कंपन्या आता तिसऱ्या वायूवर काम करतायत. शिवाय वायूच न लागणारे कोरड्या पावडरचे पंप आहेत. आपल्याकडे कॅप्सूल फोडून ओढायचा रोटाहेलर पुष्कळांना माहीत आहे, पण तो जोरानं ओढावा लागतो, आणि लहान मुलाला किंवा धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला ते जमेलच असं नाही. २०२० च्या त्या दोन जेनेरिक पंपांतही एचएफए-१३४एच भरलेला आहे.