शब्दवेध : आत्याबाई

बेंगळुरूच्या येलहंक्यात कुणी ‘अत्ते’ अशी हाक मारली, की मराठी कान टवकारतात. कन्नडमध्ये अत्ते म्हणजे आत्या आणि सासूही; माव म्हणजे मामा आणि सासराही. आपल्याकडच्या जुन्या सुना सासूला आत्याबाई, सासऱ्याला मामंजी म्हणत, ते याच आते-मामे सोयरिकींच्या वळणाने. हेमचंद्राच्या १२व्या शतकातल्या ‘देशीनाममाला’ या देशी शब्दांच्या कोशातही ‘अत्ता’ म्हणजे आत्या आणि सासूसुद्धा.

ग्रीक पुराणात हेडीसने सख्खा भाऊ झ्यूसची मुलगी पर्सेफोनी पळवून राणी केली, म्हणजे काकानेच पुतणी वरली. कर्नाटकात मामा-भाचीचे लग्न रूढीला चालते. १९५५चा हिंदू विवाह कायदाही अशी रूढी मानतो. पण वडिलांचा थोरला भाऊ इथे ‘दोड्डप्पा’, म्हणजे मोठा बापच; त्याच्याशी पुतणीचे लग्न कसे जुळणार! सोयरीक कुठे जुळेल आणि कुठे नाही, हे नात्याचा शब्दच सांगतो.